विमानवाल्याचं गाऱ्हाणं

माणूस भेटला की आपण नमस्कार म्हणतो, फार तर 'कसं काय' विचारतो. माझे पहिले कॅप्टन विचारायचे, "वारो खंयचो?"

सांताक्रूझच्या विमानतळावर पहिल्या दिवशी नवा कोरा सहवैमानिक म्हणून मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो, टाचा जुळवून सलाम ठोकला, तर या गृहस्थांनी माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "वारो खंयचो?" मी पाठ करून आलेलं हवामानाचं इंग्रजी पत्रक घडाघडा म्हणायला लागलो. त्यांनी हात वर केला. "कागदावरचो नाय. तुज्या कानाक लागता तो सांग." मग त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला हळूहळू गोल फिरवलं, चाकावर मडकं फिरवावं तसं. एका जागी थांबवून म्हणाले, "आता दोनूय कानांक सारको लागता? मगे थंयसून वारो. कागद मागसून बघ." आजूबाजूचे मेकॅनिक हसत होते. मीही हसलो, कारण हे बोलणं माझ्या घरचं होतं. मी वालावलचा. ते मालवणजवळच्या किनाऱ्यावरच्या एका गावचे. मी तसं सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मगे इंग्रजीत कित्या कण्हतंस?"

त्या दिवसापासून मी त्यांना दादा म्हणायला लागलो आणि ते मला झिला, म्हणजे पोरा.

बुटके, रुंद, समुद्राच्या उन्हाने रापलेले, आणि हात असे की त्या हातांत विमानाचं सुकाणू एखाद्या खेळण्यासारखं दिसावं. वडील तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. दादा लहानपणी मुंबईला पळून गेले ते फ्लाइंग क्लबात विमानं धुवायला लागले. धुता धुता बसायला लागले, बसता बसता उडवायला शिकले, आणि लढाईच्या दिवसांत माणसांची टंचाई झाली तेव्हा त्यांना परवाना मिळाला. आमच्या कंपनीत त्यांच्याइतके उड्डाणाचे तास कुणाचेच नव्हते. कंपनी म्हणजे तरी काय? लढाई संपल्यावर भंगाराच्या भावात घेतलेली पाच डकोटा विमानं. त्यांतून आम्ही कापडाचे गठ्ठे, औषधं, वर्तमानपत्रं, कोंबडीची पिल्लं, जे मिळेल ते वाहायचो.

दादांचा यंत्रावर विश्वास नव्हता. पेट्रोलचा काटा काय दाखवतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. त्यांच्याकडे बांबूची एक काठी होती, तिच्यावर सुरीने खाचा पाडलेल्या. उडायच्या आधी ते स्वतः पंखावर चढत, टाकीत काठी बुडवत, बाहेर काढून ओल कुठवर आली ते बघत, आणि काठीचा वास घेत. वास का घेत, ते मी शेवटपर्यंत विचारलं नाही. खाली उतरल्यावर विमानाच्या अंगावर तीन-चार ठिकाणी बोटाने टकटक करत, फणस पिकलाय का बघावं तसं.

डब्यात रोज उकड्या तांदळाचा भात आणि सुका बांगडा. उंचावर गेल्यावर डबा उघडला की केबिनमध्ये जो दरवळ सुटे, तो मागे गठ्ठ्यांपर्यंत जाई. एकदा एका कापडवाल्याने तक्रार केली की आमच्या विमानातून आलेल्या लुगड्यांना मासळीचा वास येतो. आमच्या मालकांनी, म्हणजे शेठने, दादांना बोलावून समज दिली. दादा म्हणाले, "शेठ, लुगडी मालवणाक पाठवा. वासाचे जास्त पैशे मिळतले." शेठ हसले. तेव्हा शेठ अजून हसत होते.

आणखी एक. 'पोचलो' हा शब्द ते पंखे थांबेपर्यंत उच्चारत नसत. हे विमानापुरतंच असतं तर ठीक होतं. पण मालवणच्या एसटी स्टँडवर गाडी थांबली, माणसं उतरली, हमाल वर चढले, तरी हे आपले जागेवर बसून. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं की मग उठणार. कंडक्टर वैतागून म्हणे, "ओ विमानवाले, गाडी जमनीर आसा!" दादा शांतपणे म्हणत, "जमनीर आसा ता माका दिसता. थांबली काय?"

अशा माणसाने स्वतःच्या पायाखालची कंपनी हलतेय हे कबूल करायला इतका वेळ का लावला, याचं मला आजही नवल वाटतं.

कंपनी आजारी पडते तेव्हा आधी काय जातं? आधी चहा जातो. आमच्या ऑफिसातला चहा एका सोमवारी बंद झाला. मग शिपाई गेला. मग टेलिफोन फक्त बाहेरून येऊ लागला, इथून लागेना. मग पाच विमानांतली चार उडू लागली आणि पाचवं हँगरमध्ये उभं राहिलं. चौघांना लागेल ते पाचव्याचं काढायचं. वैमानिकांच्या खोलीत हवामानाच्या गप्पा थांबल्या. कोण कुठे चाललाय, कुणाला कुठून पत्र आलंय, एवढंच. एकजण आफ्रिकेला गेला. एकजण सासऱ्याच्या दुकानात बसला. पगार लांबला, मग थांबला. मला रात्री झोप लागेना. वडिलांशी भांडून, शेतीला लाथ मारून मी या धंद्यात आलो होतो. विमान गेलं तर पुन्हा वालावलच्या मळ्यात गुडघाभर चिखल, आणि वर बापाचं 'मी म्हटलंच होतं'.

त्याच वर्षी सरकारने मोठ्या विमान कंपन्या ताब्यात घेऊन नवी महामंडळं काढली. त्या मोठ्या कंपन्यांतले लोक आपापल्या हुद्द्यासकट आत गेले. आमची कंपनी इतकी किरकोळ, की ती कुणाच्या यादीतच नव्हती.

दिवाळीनंतर शेठने आम्हाला बोलावून सांगितलं की विमानं दुरुस्तीला घ्यायची आहेत, तोवर गावी जाऊन विश्रांती घ्या, कळवतो. चारही विमानं एकदम दुरुस्तीला! बाहेर आल्यावर दादा मला म्हणाले, "चल माज्या गावाक. हय भाडा भरीत बसण्यापरीस थंय पेज खा." घरी तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. मी बोटीने त्यांच्याबरोबर गेलो आणि वडिलांना मुंबईच्या पत्त्यावरून लिहावं तसं पत्र लिहिलं, 'काम फार आहे.'

गावात दादांचा थाट वेगळा. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळ्यांचे ते विमानवाले. सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला वीस-तीस माणसं जमत. दादा कमरेला पंचा आणि अंगात कंपनीचा सोनेरी पट्ट्यांचा कोट, अशा वेशात तिथे जाऊन वारा सांगत. माणसं ऐकून घेत. कुणी आपल्या पोरीसाठी विचारी, "माज्या चेडवाक एकदा विमानातसून मुंबयक न्हेशात?" हे म्हणत, "न्हेवया मां." कुणी विचारी, "सुट्टी बरीच मोठी गावली?" हे म्हणत, "सरकाराबरोबर बोलणा चालू हा." मी मान खाली घालून दोर ओढायचो.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, काही विचारत नसत. त्या मला भावजी म्हणत आणि माझ्या पानात माशाचा मोठा तुकडा वाढत.

दोन आठवड्यांनी टपालाने तीन कागद आले. पहिला शेठचा: धीर धरा, लवकरच उड्डाणं सुरू होतील. दुसरा आसामातल्या एका मालवाहू कंपनीचा: दादांना दुप्पट पगार आणि कॅप्टनची जागा. तिची विमानं आमच्याहून म्हातारी, आणि तिकडे डोंगरांवर ढग असे बसतात की वाट दिसत नाही, हे आम्हा दोघांनाही ऐकून माहीत होतं. तिसरा महामंडळाचा, अर्जाच्या छापील फॉर्मसकट, दोघांसाठी दोन. त्यात लिहिलं होतं की आमच्यासारख्या कंपन्यांतून येणाऱ्याला, मग तो कॅप्टन असला तरी, सहवैमानिक म्हणूनच घेतलं जाईल. अर्ज ज्या क्रमाने पोचतील त्या क्रमाने यादीत नावं लागतील आणि पुढची बढती त्या यादीप्रमाणे मिळेल.

म्हणजे दादांनी डावीकडची कॅप्टनची खुर्ची सोडायची आणि उजवीकडे, माझ्या जागेवर बसायचं. डावीकडे बसलेला कदाचित त्यांनीच शिकवलेला कुणी पोरगा असेल.

माझ्यापुढे प्रश्नच नव्हता. मी उजवीकडचाच होतो. फॉर्म त्याच दुपारी भरला. दादांनीही भरला, सही केली, पाकिटात घातला, आणि पाकीट उशाखाली ठेवलं. मग तीन दिवस त्यांनी वारा विचारला नाही.

चौथ्या दिवशी किनाऱ्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. "झिला, माज्या बापाशीन चाळीस वर्सां सुकाणू धरल्यान. मागसून डोळ्यांनी दिसा नाय, तेवां घराकडे बसलो. पण दुसऱ्याच्या हाताखाली होडयेत पाय ठेवल्यान नाय."

"पण दादा, होडीच बुडत असेल तर?"

"तर उडी मारूक व्हयी," ते म्हणाले. "पण बुडताहा म्हणान सांगाक आदी तोंड व्हया."

मला वाटलं आता पाकीट देतील. उलट म्हणाले, "सोमवारी देवाक कौल लावतंय."

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवापुढे उभा राहून तुमची हकीकत मोठ्याने मांडतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. जमलेले पुरुष प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष देतात. मग पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. यात मेख एकच. हकीकत गावासमोर मांडायची असते, आणि ती मांडणाऱ्या गुरवाला तुम्ही सांगाल तेवढीच ठाऊक असते.

सोमवारी सकाळी देवळात बरीच माणसं जमली. विमानवाल्याचा कौल, म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. दादांनी गुरवाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि गुरवाने खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकराक आज सरकारान मान देवन बोलावल्यान हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दुसऱ्या बाजून आसामचो धनी दुप्पट पगार देवक तयार आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दोनूय हातात लाडू गावलेहत. तर सरकाराची चाकरी तेच्या हिताची आसात तर उजवी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी ओठ हलवले, आवाज काढला नाही. बुडालेली कंपनी, थांबलेला पगार, जाणारी खुर्ची, यातलं एक अक्षर गाऱ्हाण्यात नव्हतं. पाकळ्या लावल्या आणि गुरवाने हात मागे घेतला न घेतला तोच डावी पाकळी खाली पडली.

लोकांना काय, त्यांना आनंदच. "आसाम, आसाम! दुप्पट पगार!" दादांच्या पाठीवर थापा पडल्या. दादा हसले, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसत होतं. माडांमधून घरी येताना ते तीनदा थांबले. शेवटी म्हणाले, "देव नाय म्हणालो तो नोकरेक, काय माज्या खोट्याक?"

मी म्हणालो, "पुन्हा विचारा. खरं सांगून विचारा."

"अमाशेआदी परत लावूक देवचो नाय गुरव. बारा दिस आसत." थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "आणि देवान नाय म्हटलेला असताना अर्ज टाकलंय, तर विमानात बसान वर खंयच्या तोंडान जाव? वर तोच आसा मां?"

हसू नका. रोज ढगांत जाणारा माणूस होता तो. काठीने पेट्रोल मोजल्याशिवाय न उडणारा माणूस कौल मोडून उडणार नव्हता. आसामलाही हो म्हणवत नव्हतं, कारण तो कौल खोट्याच्या बदल्यात मिळाला होता. दोन्ही दारं त्यांनी स्वतःच्या तोंडाने लावून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मी मालवणला माझा अर्ज टाकायला निघालो. दादांनी उशाखालचं पाकीट आणून माझ्या हातात दिलं. मी चकित झालो. म्हणाले, "हडे घरात ऱ्हवला तर माका झोप येना नाय. तुज्याकडे ठेव. पण टाकू नको हां. कौल सरळ झालो काय मगे टाक."

मी दोन्ही पाकिटं कोटाच्या आतल्या खिशात घातली. मालवणपर्यंतच्या वाटेत ती छातीला टोचत होती. पोस्टात खिडकीपाशी एक जाड चष्म्याचे कारकून होते. मी माझं पाकीट पुढे केलं. त्यांनी वजन केलं, तिकिटं दिली. माझा हात पुन्हा खिशाकडे गेलेला बघून म्हणाले, "आणखी एक आहे ना? द्या, थैली बंद करायचीय. गाडी सुटेल."

दुसरं पाकीट बोटांना लागत होतं. बारा दिवसांत मुंबईत किती अर्ज पोचतील ते मला ठाऊक होतं. यादी कशी लागते तेही ठाऊक होतं. नुसतं खिडकीतून सरकवायचं होतं. ते रागावले असते, महिनाभर बोलले नसते, पण खुर्चीची वाट राहिली असती.

"नाही," मी म्हणालो, "एकच आहे."

घरी आल्यावर वहिनींनी मला परसात गाठलं. विहिरीपाशी मासे साफ करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भावजी, ह्येंचा पाकीट टाकलास?"

"दादांनी टाकू नको म्हटलंय, वहिनी. म्हणून नाही टाकलं."

त्यांनी कोयता खाली ठेवला. "कंपनी बुडाली मां?"

मी दचकलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाक कित्या व्हया? कामार जाणारो माणूस कोट घालून रापणीर जाता? रात्री उठान खळ्यात फेऱ्ये मारता. माका काय दिसना नाय?" मग हळू आवाजात, "सगळ्या गावाक सांगू नकात म्हणा. पण माका तरी सांगाक व्हया होता."

ते मी दादांना सांगितलं. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. दादा जेवत नव्हते. सकाळी आसाम म्हणत, दुपारी शेठला तार करू म्हणत, संध्याकाळी रापणीत वाटा घेऊन इथेच राहतो म्हणत. मला त्यांची भीती वाटायला लागली, आणि माझीही.

अमावास्येनंतर देवळात पुन्हा माणसं जमली. या वेळी बायकाही आल्या होत्या, एका बाजूला उभ्या होत्या. गुरवाने विचारलं, "काय सांगू?" दादा म्हणाले, "तू ऱ्हव. मीच सांगतंय." आणि पंचा सावरून देवापुढे उभे राहिले. हजार वेळा बिनतारी यंत्रावर न अडखळता बोललेला माणूस, पण आवाज फुटेना.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, "मागच्या खेपेक मी तुज्याकडे खोटा बोललंय, म्हाराजा."

कुणीच 'व्हय' म्हणेना. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"माजी कंपनी बुडाली हा, म्हाराजा. पगार बंद आसा. सरकार घेता, पण खुर्ची काढून घेता. माज्याकडे शिकलेल्या पोरांच्या हाताखाली बसाचा लागतला, म्हाराजा."

ज्या माणसांना त्यांनी वर्षानुवर्षं आकाशातल्या गोष्टी सांगितल्या, ती सगळी आता पायांकडे बघत होती. माझ्याही घशातून आवाज निघाला नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एकच आवाज आला. स्पष्ट, घरात हाक मारावी तसा.

"व्हय म्हाराजा!"

वहिनी होत्या. बायका गाऱ्हाण्याला साक्ष देत नाहीत. गुरवाने मान वळवून पाहिलं, पण बोलला नाही. मग एका म्हाताऱ्या रापणकाराने खाकरून म्हटलं, "व्हय म्हाराजा." आणि मग सगळं देऊळ म्हणालं.

पाकळ्या लावल्या. कितीतरी वेळ दोन्ही जागच्या हलेनात. मग उजवी पडली.

दादांनी माझ्याकडून पाकीट मागून घेतलं आणि तसेच, पंचा नेसलेले, मालवणच्या रस्त्याला लागले. कोट घातला नाही.

मला महिन्याभरात बोलावणं आलं. दादांना आलं ते पोस्टकार्ड: यादी पूर्ण झाली आहे, पुढे जागा निघाल्यास विचार केला जाईल. त्यांनी ते वाचलं, घडी केली, आणि मला सांगितलं की मुंबईला जाताना जाड चादर घेऊन जा, नव्या जागी थंडी वाजते. मग ते आसामला गेले. देवाला विचारून गेले की न विचारता, कुणास ठाऊक. चार वर्षं त्यांनी त्या ढगांतून तांदूळ आणि चहा वाहिला. तिथे ती कंपनीही मोडकळीला आली. या चार वर्षांत तारवाल्याच्या सायकलची घंटी वाजली की वहिनी चुलीपुढून उठून दारात येत, असं पुढे मला त्यांनीच सांगितलं. महामंडळात पुन्हा भरती निघाली तेव्हा दादा घेतले गेले, सहवैमानिक म्हणून, यादीच्या अगदी तळाला. केस पांढरे झाले होते. त्यांच्या वर नाव असलेली कितीतरी पोरं त्यांच्या मुलाच्या वयाची होती. त्या यादीत मीही होतो. बराच वर होतो.

मला कॅप्टनची खुर्ची मिळाली तेव्हा त्यांचं अभिनंदनाचं पत्र आलं. एक ओळ, 'काटो बघ, पण भरवसो ठेव नको.'

साठच्या दशकात गोव्याला विमान सुरू झालं होतं. एकदा ड्यूटीच्या तक्त्यावर माझ्या नावासमोर सहवैमानिक म्हणून त्यांचं नाव लागलं. मी धावत तक्तेवाल्याकडे गेलो आणि बदला म्हणालो. तो म्हणाला, "का? तक्रार आहे का त्यांची?" मी परतलो तर दारात दादा उभे. सगळं ऐकलेलं. म्हणाले, "कित्या बदलतंस? माज्या बाजूक बसाक लाज वाटता?"

ती मला वाटतच होती, पण ते ज्या अर्थाने म्हणाले त्या अर्थाने नव्हे.

गोव्याला जाताना आम्ही कामापुरतंच बोललो. ते विमानाच्या तपासणीच्या यादीतलं एकेक कलम वाचत, मी उत्तर देत होतो, आणि त्यांच्या आवाजात कुठे खोच सापडते का ते शोधत होतो. सापडली नाही. त्याने मला जास्तच अस्वस्थ केलं. दाबोळीहून परत निघालो तेव्हा दुपार होती. उत्तरेला येताना किनारा उजव्या खिडकीतून दिसतो. वेंगुर्ला गेलं. पाण्यातला किल्ला दिसायला लागला. त्यांचं गाव आता त्यांच्या बाजूने खालून जाणार होतं, आणि मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"दादा," मी म्हणालो, "त्या दिवशी मालवणच्या पोस्टात तुमचं पाकीट माझ्या खिशात होतं."

"माका ठावक आसा. मीच दिल्लंय मां?"

"ते टाकायचं माझ्या मनात आलं होतं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मगे?"

मगे, तुम्हीच नको म्हणाला होता. हे उत्तर मी कितीतरी वर्षं तयार ठेवलं होतं. वहिनींना दिलं होतं, स्वतःला रोज देत होतो. पण त्या क्षणी ते तोंडातून निघेना.

"मग मनात आलं," मी म्हणालो, "की दोन्ही पाकिटं एकाच थैलीतून गेली, तर यादीत वरती कुणाचं नाव लागेल?"

खाली त्यांचं गाव आलं, माडांची रांग, देवळाचं छप्पर, रापणीसाठी जमलेली माणसं ठिपक्याएवढी. त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. समोरच्या उंचीच्या घड्याळावर नखाने टकटक केलं.

"उंचाय बघ, कॅप्टन," ते म्हणाले. "दोनशे फूट खाली इलाव."

मी विमानाचं नाक वर घेतलं आणि उंची सावरली. तिथून मुंबई येईपर्यंत दर पाच मिनिटांनी त्यांनी मला उंची सांगितली, आणि दुसरं काहीही बोलले नाहीत.